गेटपर्यंत जाऊन दोनदा परत आलो – दारू सोडणाऱ्यांच्या मिटिंगबद्दल विचारायचंय

रात्रपाळी | ९ जून, रात्री ११:४२

नवीन आयडी काढलाय. जुन्या आयडीने इथे मिसळीवर आणि सायकलवर भरपूर लिहिलंय. लिहिण्यावरून कुणी ओळखलंच तर कृपया ओळख दाखवू नका.

वय ४४, नाशिक, एमआयडीसीत क्वालिटीला आहे. पितोय पंधरा-सोळा वर्षं, त्यातली शेवटची सहा रोज. संध्याकाळी एक क्वार्टर, शनिवारी दोन. गेल्या दिवाळीपासून सकाळी कामावर जाण्याआधीही थोडी लागते, कारण व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) धरताना हात कापतो. क्वालिटीच्या माणसाचा हात कापणं म्हणजे काय ते या लाइनमधल्यांना कळेल.

उपाय करून झालेत. दोन वर्षांपूर्वी आईच्या शब्दाखातर माळ घातली. आठ महिने टिकली. मग मेव्हण्याच्या हळदीला माळ काढून खुंटीला लावली, म्हटलं उद्या परत घालू. ती अजून खुंटीलाच आहे. मध्यंतरी बायकोने पेपरातून आलेल्या पत्रकावरून 'पिणाऱ्याला न कळत दारू सोडवा'वाली पुडी मागवली आणि आमटीतून दिली. त्या रात्री प्यायलो तर तोंड लालबुंद, छाती धडधडायला लागली, उलट्या. मला वाटलं अटॅकच आला. हे पुडीचं तिने मला तीन महिन्यांनी सांगितलं.

तर आता मुद्दा. नेटवर अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मिटिंगांची यादी मिळाली. घर इंदिरानगरला, म्हणून मुद्दाम नाशिकरोडच्या बाजूची निवडली. महापालिकेची शाळा, संध्याकाळी साडेसात. पहिल्यांदा गेलो तर गेटशी दोघं जण खळखळून हसत उभे होते. यांना कसली दारूची अडचण, पत्ता चुकला असेल, असं स्वतःला सांगून परत फिरलो. दुसऱ्यांदा हिंमत करून गेटात शिरलो, तर वॉचमन रस्त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "बेवड्यांची मिटिंग ना? वर. सात नंबरचा वर्ग." गाडी वळवली ती थेट बारसमोर.

आत नक्की काय चालतं? नाव-गाव-कंपनी विचारतात का? पैसे किती? बोलावंच लागतं का? भजन वगैरे असतं का?

---

पोळीभाजी | १० जून, सकाळी ७:०५

दादा, मनाचा निर्धार पाहिजे. आमच्या काकांनी एका दिवसात सोडली. ग्रुपबिप सगळं मनाचे खेळ. पहाटे उठा, प्राणायाम करा.

---

कडुनिंब | १० जून, सकाळी ७:५०

पोळीभाजी, तुमच्या काकांचं कौतुकच आहे, पण या धाग्यावर तो सल्ला देऊ नका. कारण सांगतो. मी डॉक्टर आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी.

रात्रपाळी, तुम्ही सकाळी घेता कारण हात कापतो. म्हणजे शरीराला सवय जडलीय. अशा माणसाने निर्धार करून एका दिवसात बंद केली तर पहिल्या ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर काही जणांना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो, माणूस घरच्यांना ओळखत नाही. यात जीव जातो. लोक 'बाधा झाली' म्हणून अंगारा लावत बसतात आणि वेळ घालवतात. तेव्हा आधी मानसोपचारतज्ज्ञ किंवा फिजिशियन गाठा. सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी असते. साधारण आठवडाभर गोळ्या कमी-कमी करत देतात, सोबत थायमिन म्हणजे बी-१. ते स्वस्तातलं जीवनसत्त्व आहे आणि मेंदू वाचवतं. तोवर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका.

पुडीबद्दल. तुम्ही सांगितलेली लक्षणं डायसल्फिरामसारखी आहेत. ते खरं औषध आहे, पण रुग्णाला सांगून, लिव्हर आणि हृदय तपासून, त्याच्या संमतीने द्यायचं. बंद केल्यावरही पंधरवडाभर असर राहू शकतो. आमटीतून देणं म्हणजे जिवाशी खेळ. वहिनींना रागावू नका, जाहिरातवाल्यांवर रागवा.

मिटिंग हे औषधानंतरचं काम. औषधाने शरीर आठवड्यात मोकळं होतं, पण संध्याकाळचे सात रोज वाजतात.

---

आजचा_दिवस | १० जून, दुपारी १:२०

रात्रपाळी, तुम्ही हे काल रात्री लिहिलंत आणि आज १० जून आहे. ही आमची, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमसवाल्यांची, गंमतीची तारीख आहे, म्हणून आधी गोष्ट सांगतो.

१९३५ साली अमेरिकेत ॲक्रन गावात बिल नावाचा शेअर बाजारातला माणूस कामासाठी आला होता. सौदा फिसकटला. हॉटेलच्या लॉबीत उभा, खिशात थोडे पैसे, आणि शेजारच्या बारमधून हसण्याचे आवाज. पाच महिने प्यायला नव्हता. त्याला वाटलं, आत्ता कुणा दुसऱ्या पिणाऱ्याशी बोललो नाही तर मी गेलो. लॉबीतल्या फोनवरून चर्चवाल्यांना फोन करत सुटला, आणि त्यातून बॉब नावाच्या सर्जनची गाठ पडली. बॉब फक्त पंधरा मिनिटं द्यायची असं ठरवून आला होता, ते दोघं तासन्‌तास बोलत बसले. पण ऐका, त्यानंतरही हा बॉब वैद्यकीय परिषदेला गेला आणि बेहोश होईस्तोवर प्यायला. परत आल्यावर एक ऑपरेशन होतं. हात थरथरत होते (तुमचं व्हर्नियर आठवलं मला), म्हणून सकाळी बिलनेच त्याला बिअर दिली. ती त्याची शेवटची. तो दिवस १० जून धरतात आणि तिथून संस्थेचं वय मोजतात. आज नव्वद झाली. म्हणजे आमचा संस्थापकच घसरून मग उभा राहिलेला आहे. आपल्याकडे मुंबईत १९५७ पासून ग्रुप आहेत.

आता तुमचे प्रश्न. मी सतरा वर्षं जातोय, ठाणे जिल्ह्यात.

नाव: पहिलं नाव सांगायचं, ते खोटं सांगितलंत तरी कुणी आधार कार्ड मागत नाही. आमच्याकडे एक जण दोन वर्षं 'सुनील' होता, दारू सोडल्याच्या वाढदिवसाच्या मिटिंगला बायको आली तेव्हा कळलं की भलताच. कंपनी, जात, पगार कुणी विचारत नाही. हजेरीपट नाही.

पैसे: फी नाही. शेवटी एक पिशवी फिरते, ज्याला वाटेल तो दहा-वीस टाकतो, भाडं आणि चहा त्यातून. नवीन माणसाला तर 'तुम्ही टाकू नका' म्हणतात. बाहेरच्यांची देणगी घेत नाहीत, सरकारचीही नाही.

बोलणं: नाही बोललात तरी चालतं. साधारण दीड तास. एक जण चालवतो, काही वाचून होतं, मग एकेक जण उठून 'मी अमुक, अल्कोहोलिक' म्हणतो आणि स्वतःचं सांगतो. मधे कुणी तोडत नाही, सल्ला देत नाही. आपल्या मराठी माणसाला हे फार जड जातं, कुणी बोललं की आपण लगेच 'असं करा ना' म्हणतो. तिथे ती सोय नाही.

सभासद व्हायची अट एकच, पिणं थांबवायची इच्छा. थांबवलेलं असलं पाहिजे असंही नाही.

आणि गेटवर हसणारे ते दोघे. मिटिंगच्या आधी आम्ही असेच हसतो. नवीन माणसाला ते बघून धक्का बसतो हे खरं. काय हसत होते ते आत गेलात तर कळेल, बहुतेक स्वतःच्याच फजितीला.

---

चार्वाकाचा_नातू | १० जून, रात्री ९:१५

सगळं ठीक, पण देव आडवळणाने आणलाच ना? यांच्या कार्यक्रमाच्या बारा पायऱ्या मी वाचल्यात, निम्म्या पायऱ्यांत देव. 'आम्ही शक्तिहीन आहोत' हे रोज माणसाकडून वदवून घ्यायचं ही कसली उपचारपद्धती? पुरावा काय?

---

कडुनिंब | १० जून, रात्री १०:०२

पुरावा आहे. २०२० साली कोक्रेनचा (वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) आढावा आलाय, २७ अभ्यास, दहा हजारांवर माणसं. पूर्ण बंद ठेवण्याच्या बाबतीत बारा पायऱ्यांकडे नेणारे कार्यक्रम इतर मान्य मानसोपचारांच्या तोडीस तोड, काही ठिकाणी सरस निघाले. मी स्वतः नास्तिक आहे आणि रुग्ण तिथे पाठवतो. शिवाय देवाचं वावडंच असेल तर स्मार्ट रिकव्हरी नावाच्या दुसऱ्या गटाच्या मिटिंगा ऑनलाइन होतात, त्यात देव नाही.

---

आजचा_दिवस | १० जून, रात्री १०:३०

नातू, शेवटी प्रार्थना असते, ती लपवत नाही. पण पायऱ्यांत 'आम्हाला समजलेला देव' असं आहे. आमच्या ग्रुपात एक युनियनचे जुने कार्यकर्ते होते. ते प्रार्थनेला उभे राहायचे पण ओठ हलवायचे नाहीत. त्यांची उच्च शक्ती म्हणजे ग्रुप. "मी एकटा हरतो, वीस जण हरत नाहीत, हे मला संपातच कळलंय," म्हणायचे. चौदा वर्षं दारूला न शिवता राहिले आणि मग वारले.

---

सदाफुली | ११ जून, रात्री १२:५०

बाईच्या बाजूने लिहिते. मी ३८, पुणे, आयटी. वर्क फ्रॉम होममध्ये वाइनपासून सुरुवात, मग व्होडका, कारण वास कमी. पुरुष बारमध्ये पडतो तेव्हा चार लोक उचलतात तरी. मी घरात, कॅमेरा बंद करून प्यायचे, कुणाला कळणार? कामवाल्या मावशींना कळलं. त्यांनी बाटल्या मोजल्या होत्या.

पहिल्या मिटिंगला गेले, तेवीस पुरुष आणि मी. सगळे नीट वागले, एका काकांनी पंखा माझ्याकडे वळवला, पण मला जे बोलायचं होतं ते तेवीस पुरुषांसमोर येईना. बायकांच्या ऑनलाइन मिटिंगा आहेत. तिथे पहिल्याच दिवशी एक साठीच्या बाई म्हणाल्या, मी देवघरात लपवायचे, तिथे कुणी शोधत नाही. मी व्हिडिओ बंद करून रडले आणि मग चालू केला. पुण्यातल्याच मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात बायकांसाठी 'निशिगंध' म्हणून वेगळा विभाग आहे, भरती व्हायची गरज असेल तर. बायकांनो, हा धागा चोरून वाचत असाल तर कुठेतरी एक फोन करा. नशामुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६, आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानस १४४१६. दोन्ही फुकट आहेत.

---

वर्धाकाठ | ११ जून, सकाळी ८:४०

आमच्या चंद्रपुरात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती बापा. मी सहा वर्षं नदी ओलांडून वणीला जायचो. पूल तोच, बंदी त्या बाजूला नाही. पेट्रोलचा खर्च बाटलीपेक्षा जास्त, तरी जायचो. म्हणून सांगतो, दारू मिळत नाही म्हणून सुटत नसते. माझी सुटली ते मुक्तांगणमध्ये ३५ दिवस राहून. जागा आहे १९८६ची, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेली, पुलंच्या मदतीने.

एकच सांगणं. व्हॅन पाठवून झोपेतून उचलून नेणाऱ्या जागांपासून दूर राहा. माझ्या चुलतभावाला घरच्यांनी तसं उचलवलं. चार महिने कोंडला, बाहेर आला त्याच संध्याकाळी प्यायला, आणि घरच्यांशी आजही बोलत नाही. केंद्राची नोंदणी आहे का, डॉक्टर रोज येतो का, घरच्यांना भेटू देतात का, हे तीन प्रश्न आधी विचारायचे.

---

कडुनिंब | ११ जून, दुपारी २:१०

वर्धाकाठ यांच्याशी शंभर टक्के सहमत. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या गैरवापराशी निगडित विकार येतात. रुग्णाचे हक्क त्यात लिहिलेले आहेत. विमा कंपनीनेही शरीराच्या आजारासारखंच मनाच्या आजाराला धरलं पाहिजे असं त्यात आहे. तरी पॉलिसीची बारीक अक्षरं वाचा, क्लेमच्या वेळी भांडायची तयारी ठेवा.

---

रात्रपाळी | २९ जून, रात्री १०:२०

सगळ्यांचे आभार. उशीर झाला कारण मधे सात दिवस भरती होतो. कडुनिंब, तुमचं ऐकलं. दुसऱ्या रात्री घामाने गादी ओली, शेजारच्या खाटेवरचा माणूस छताकडे बघून कुणाशी तरी हुज्जत घालत होता. मी थोडक्यात सुटलो. कंपनीत आजारपणाची रजा टाकली, सर्टिफिकेटवर डॉक्टरांनी बेताचं लिहिलं.

काल शनिवारी मिटिंगला गेलो. वॉचमन तोच. या वेळी त्याने तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो, "सात नंबर ना?" तो म्हणाला, "आज नऊ. सातमधे चित्रकलेचं सामान वाळत घातलंय."

तिसरीचा वर्ग. बाक इतके बुटके की गुडघे छातीला लागतात, मोठ्ठे मोठ्ठे बाप्ये त्यात कोंबून बसलेले. फळ्यावर 'विरुद्धार्थी शब्द' लिहिलेले. उंच × ठेंगणा, ओला × सुका. शेवटचं वाचून माझ्या शेजारचा फिसकन हसला. मला वाटलं होतं बापुडवाणे चेहरे असतील. एक रिक्षावाला, एक बँकेतले साहेब, एक पंचविशीचा पोरगा, एक आजोबा ज्यांना ऐकू येत नाही पण दर शनिवारी येतात.

एक जण बोलायला उठला. त्याने सांगितलं की तो बायकोच्या बाळंतपणाला दवाखान्यात निघाला, वाटेत 'पाच मिनिटं' थांबला, आणि पोहोचला तेव्हा मुलगा दोन दिवसांचा होता. हे सांगताना ना तो रडला ना कुणी च्च च्च केलं. माझं असलं जे आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, इथेही सांगणार नाही. पण मला पहिल्यांदा वाटलं की ते सांगण्यासारखं आहे, म्हणजे ते ऐकून लोक खोलीतून उठून जाणार नाहीत.

माझी पाळी आली तेव्हा नाव सांगितलं आणि 'अल्कोहोलिक' म्हणायच्या जागी खोकलो. चालतं म्हणाले.

एक तक्रार आहे. चहा अतिगोड.

---

आजचा_दिवस | २९ जून, रात्री ११:०५

चहा गोडच असतो, सुरुवातीला साखरेची ओढ लागते. दुसऱ्या मिटिंगला जा. पहिलीला उत्सुकता नेते, दुसरीला पाय जड होतात. आणि तिथल्या एकाचा फोन नंबर घ्या. संध्याकाळी सहानंतर भूक, राग, एकटेपणा, थकवा यातलं काहीही असेल तर आधी जेवा, मग त्याला फोन. रिकाम्या पोटी मोठे निर्णय घेऊ नका.

---

रात्रपाळी | १ जुलै, रात्री ९:३०

बायकोबद्दल विचारायचं राहिलं. मी संध्याकाळी घरी आलो की दारातच ती जवळ येऊन वास घेते, रोज. काल मी चिडलो. ग्रुपात म्हणाले घरच्यांसाठी वेगळा ग्रुप असतो, अल-अनॉन. तिला सांगितलं तर म्हणाली, "दारू तू प्यायलास, मिटिंगला मी का जाऊ?"

---

जास्वंद | २ जुलै, दुपारी १२:१५

अगदी हेच वाक्य मी आमच्या ह्यांना बोलले होते, म्हणून लिहिते. बरोबरच बोलली ती.

भाऊ, तुम्हाला सुटून तीन आठवडेही झाले नाहीत. तिची पंधरा वर्षं झालीत. मी अकरा वर्षं ह्यांच्या खिशातल्या चिल्लरवरून किती प्यायलेत ते ओळखायचे. सोडल्यावर वर्षभर खिसे तपासत होते, हात आपोआप जायचा. ते तुमच्यावर अविश्वास म्हणून नाही. ती आमची नोकरीच झालेली असते, आणि तुम्ही एका दिवसात आम्हाला कामावरून काढता.

अल-अनॉन १९५१ पासून आहे, बिलच्याच बायकोने, लोइसने, आणखी एकीबरोबर सुरू केलेलं. तिथे नवऱ्याची दारू कशी सोडवायची हे शिकवत नाहीत, मी तेच शिकायला गेले होते आणि वैतागून परत आले. मुक्तांगणमध्ये बायकांचा 'सहचरी' गट आहे तसंच हे. तिथे पहिल्यांदा मला कुणीतरी विचारलं, 'ते जाऊ दे, तू जेवलीस का?' मला उत्तर आठवेना.

तिला जा म्हणू नका. पत्ता लिहून फ्रिजवर लावा आणि गप्प बसा. आणि वास घेऊ द्या.

---

कट्टेकरी | २३ जुलै, सायंकाळी ६:४५

धागा वर काढतोय. उद्या आषाढ अमावस्या. दिव्यांची पूजा करायचा दिवस, आपण त्याची गटारी करून ठेवली. रात्रपाळी, कसे आहात?

---

रात्रपाळी | २७ जुलै, सकाळी ६:१०

प्यायलो. गुरुवारी, अमावस्येला नाही, त्या दिवशी सावध होतो, मिटिंगला गेलो, घरी येऊन झोपलो. शुक्रवारी. श्रावण लागला, आता धोका टळला असं वाटलं म्हणून. पिण्यातला पार्टनर म्हणाला कालची उरलीय. नाइंटी म्हणता म्हणता खंबा संपला. काल दिवसभर कडुनिंबांनी सांगितलेलं आठवून डॉक्टरांकडे जाऊन आलो.

मिटिंगला जायचं तोंड नव्हतं. तरी काल संध्याकाळी गेलो. वॉचमन म्हणाला, "आज सातच आहे."

उभा राहिलो, आणि या वेळी खोकलो नाही. कुणी काही बोललं नाही. ऐकू न येणाऱ्या आजोबांनी चहा दिला. मिटिंग संपल्यावर मी म्हटलं, पहिल्या मिटिंगपासूनचे सत्तावीस-अठ्ठावीस दिवस वाया गेले. बँकेतले साहेब म्हणाले, वाया कसे, ते दिवस प्यायला नाहीस ना, मग ते तुझेच.

---

चार्वाकाचा_नातू | २७ जुलै, सकाळी ९:००

परत गेलात हे महत्त्वाचं. (प्रार्थनेला ओठ हलवले की नाही ते विचारत नाही.)

---

रात्रपाळी | १४ सप्टेंबर, रात्री १०:४०

विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल वाजवला, पाणी पिऊन. एकावन्न दिवस. हात कापत नाही, मायक्रोमीटरवर रीडिंग घेतो. मला मिटिंगच्या चहाचं काम दिलंय, साखर कमी केली तर बंड झालं, परत वाढवली.

फ्रिजवरचा कागद दोन महिने तसाच होता, त्यावर मधे दूधवाल्याचा हिशेबही लिहून झाला. गेल्या रविवारी बायको म्हणाली, जरा बाहेर जाऊन येते. अडीच तासांनी आली. मी पोळ्या लाटून ठेवल्या होत्या, नकाशेच, पण ठेवल्या होत्या. विचारलं, कुठे गेली होतीस? कागदाकडे बोट केलं. म्हटलं, मग काय झालं तिथे, काय बोललात, माझ्याबद्दल काय सांगितलंस?

म्हणाली, "आमचंही अनामिक असतं," आणि ताट घेतलं.